आईबाबांसाठी नवे फोन: आधी नेटवर्क ठरवायचं की आधी हँडसेट?

केळफूल
नमस्कार मंडळी,

आईबाबांना एकेक नवा फोन घ्यायचाय आणि जमल्यास मोबाइल कंपनीही बदलायची आहे. आईच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप चालेनासं झालंय, कारण त्यावरचं अँड्रॉइड फार जुनं आहे. बाबांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही.

पण खरं दुखणं रेंजचं आहे. घर नारायण पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. भिंती हात-दीड हात जाड. स्वयंपाकघरात आईचा फोन लागतच नाही, कुणाचा कॉल येऊन गेला हे तिला चौकात आल्यावर मेसेजवरून कळतं. बाबा आठवड्यातले निम्मे दिवस गावाला असतात, वेल्ह्याच्या पुढे मढे घाटाच्या अंगाला. भात आहे, थोडी नाचणी आहे, आणि त्यात त्यांचा सगळा जीव आहे. वय ७४, रक्तदाबाची गोळी चालू. दिवसभर त्यांचा फोन लागला नाही की आई जेवतसुद्धा नाही नीट.

माझं मत असं की आधी नेटवर्क ठरवावं आणि मग त्यावर चालेल असा फोन घ्यावा. भाऊ म्हणतो उलट कर: फोन पाच-सहा वर्षं हातात राहणार, कंपनी तर आठवड्याभरात बदलता येते. बजेट प्रत्येकी १५ ते १८ हजार. तुम्ही तुमच्या घरी हे कसं ठरवलंत? जाहिराती आणि यूट्यूब बघून डोकं भणभणलंय. पुण्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्या लोकांचं ऐकायचं आहे.

शेवचिवडा
आई चौकात उभं राहून बोलतात म्हणजे तुमच्या घरची प्रत्येक बातमी वाड्यात आधी पोचत असणार. नेटवर्क बदलाच, पण शेजारणींना विचारून. :)

दिंडीदरवाजा
केळफूल, मी तुमच्या शेजारच्याच पेठेत जन्मापासून राहतो, म्हणून खात्रीने सांगतो: "पेठेत कुठल्या कंपनीची रेंज चांगली" हा प्रश्नच फार मोठा आहे. आमच्या वाड्यात पुढच्या खोलीत एका कंपनीची छान आणि माजघरात दुसऱ्या कंपनीची छान, असं आहे. समोर नवी सात मजली इमारत उभी राहिली तेव्हा माझ्या खोलीतलं चित्र पालटलं, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना काही फरक पडला नाही.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. चार कंपन्यांचे चार फोन गोळा करा. शेजारी, भाचा, दूधवाला, ज्याच्याकडे असेल त्याचे. ते घेऊन आईच्या ओट्यापाशी उभ्या राहा आणि प्रत्येकावरून एक कॉल लावून दोन मिनिटं बोला. जो स्वयंपाकघरात बोलू देईल तो तुमचा.

अबोली_ह
मी तुमच्या भावाच्या बाजूने. नंबर पोर्ट करण्याची, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ ला देशभर आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नियम सुटसुटीत झाल्यापासून आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार विभागात, कामकाजाच्या तीन दिवसांत पोर्ट होतं. म्हणजे नेटवर्क ही परतीची वाट असलेली निवड आहे. फोनचं तसं नाही. एकदा १८ हजार दिले की ते गेले. सगळी अक्कल तिथे लावा, सिम मागाहून बघता येईल.

लघुलहरी
दिंडीदरवाजा यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि अबोलीताईंशी थोडा वाद आहे. नोकरीची बरीच वर्षं टॉवर कुठे आणि कोणत्या दिशेला बसवायचे याच कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फोनवरच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग 'सिम स्थिती' असं उघडलं की सिग्नलचा आकडा मिळतो, डीबीएममध्ये. तो नेहमी उणे असतो. उणे ८५-९० म्हणजे उत्तम, उणे १०५ म्हणजे चालवून घेऊ, उणे ११५ च्या पुढे गेलात की आवाज तुटणार. शेजाऱ्यांचे फोन गोळा कराल तेव्हा हा आकडा प्रत्येक खोलीत लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, भिंत. मिरवणुकीत ढोल दोन गल्ल्या पलीकडच्या घरातही दणकतो, पण ताशा खिडकी लावली की विरून जातो. रेडिओलहरींचंही तसंच आहे. कमी फ्रिक्वेन्सी भिंतीतून आत येते, जास्त फ्रिक्वेन्सी बाहेरच अडते. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे, ५जी ७०० आणि ३३०० वर. एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) यांच्याकडे खालच्या पट्ट्यात ९०० आहे. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१०० वर. तुमच्या स्वयंपाकघरात ३३०० वालं वेगवान ५जी पोचण्याची आशा कमीच धरा. तिथे ७००, ८५०, ९०० हेच कामाला येणार, आणि त्यातलं कुठलं येईल ते जवळचा टॉवर कुणाचा आणि त्याचं तोंड कुठे आहे यावर.

अबोलीताई, आता वादाचा मुद्दा. फोन आधी घेतला आणि त्यात नेमका तो पट्टाच नसला तर? ४जीचा बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. तो नसलेल्या फोनमध्ये बीएसएनएलचं सिम टाकलं तर फक्त २१०० वर अवलंबून राहावं लागतं. म्हणून नेटवर्क आधी, किमान कागदावर तरी.

अबोली_ह
पण आता १५ हजारांच्या फोनमध्ये बहुतेक सगळे बँड असतात की!

लघुलहरी
बहुतेक असतात. तरी खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बघूनच घ्यावेत. शिवाय ५जीच्या यादीत एन२८ (तोच ७०० चा पट्टा) दिसला म्हणून ४जीच्या यादीत बी२८ असेलच असं नाही. त्या दोन वेगळ्या याद्या असतात आणि दुकानदार हमखास त्यांची सरमिसळ करतात.

रानवाट
बाबांच्या गावाबद्दल लिहितो, तो भाग माझ्या पायाखालचा आहे. राजगड, तोरणा, मढे घाट ही नेहमीची भटकंती. त्या डोंगरांत गाव एक असलं तरी रेंज वाडीगणिक बदलते, कारण मधे सोंडा आडव्या येतात. माथ्यावर पार लांबच्या टॉवरशी बोलता येतं आणि खाली ओढ्याला उतरलं की फोन नुसता घड्याळ बघायला. नकाशे बघून तिथलं सिम ठरवू नका. बाबांनाच विचारा की गावातला दुकानदार, शाळेचे गुरुजी आणि आशाताई कुठलं सिम वापरतात. रोज फोनवर ज्यांचं काम अडतं त्यांनी हे कधीच शोधून ठेवलेलं असतं.

आणि बाबांची बॅटरी दुपारी संपते, ती कदाचित बॅटरीची चूक नसेल. सिग्नल कमकुवत असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो आणि सतत शोधत राहतो. ट्रेकला आम्ही फोन विमान मोडवर टाकतो तो त्यासाठीच. पुण्यातल्या दिवसांत बॅटरी किती टिकते ते एकदा बघा.

केळफूल
@रानवाट, हे लक्षातच आलं नव्हतं! पुण्यात असताना त्यांचा फोन रात्रीपर्यंत चालतो, हे आईने आत्ताच सांगितलं.

@लघुलहरी, आकडे लिहून घेण्याचं काम भाचीवर सोपवलंय. ती वही घेऊन तयार आहे.

शेवचिवडा
बाबांना तिकडे रेंज मिळवून द्यायच्या आधी एकदा बाबांना विचारा, त्यांना हवी आहे का!

केळफूल
हा हा, विचारलं. म्हणाले, "तुझ्या आईला हवी असेल तर मला चालेल."

जुनी_वही
धाग्याच्या निमित्ताने जुने दिवस आठवले, म्हणून थोडं अवांतर. पुण्यात मोबाइल आला तेव्हा दोनच पर्याय होते, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. नंबर ९८२२० ने सुरू झाला की बिर्लाचा, ९८२३० ने सुरू झाला की बीपीएलचा. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्यामुळे मिस कॉलची एक भाषाच तयार झाली होती. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन दिसू लागला.

गंमत अशी की बिर्लाचं पुढे आयडिया झालं, बीपीएलचं हच आणि मग व्होडाफोन झालं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते दोन्ही एकत्र आले. म्हणजे एके काळी ज्यांच्यात आम्ही गट पाडून भांडायचो, ते दोन्ही नंबर आज मूळचे एकाच कंपनीचे.

दिंडीदरवाजा
माझा ९८२२० अजून तोच आहे. कंपनी बदलली, नंबर नाही. तो नंबर शाळेतल्या मित्रांना पाठ आहे, आणि पाठ असलेला नंबर म्हणजे माणसाचा पत्ता असतो. केळफूल, बाबांचा नंबर कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.

केळफूल
बाबांचाही ९८२२० च! नाही सोडणार.

ओलीसुपारी
नेटवर्क जोखताना अजून एक. रेंज असणं वेगळं आणि टॉवरवर जागा असणं वेगळं. अनंत चतुर्दशीला अलका चौकात उभं राहा. कांड्या पूर्ण, आणि कॉल लागेल तर शपथ. टॉवर तोच, माणसं हजारपट. आयटीतल्या लोकांना हे हिंजवडीत संध्याकाळी सहा वाजता कळतं. म्हणून आईच्या स्वयंपाकघरातली चाचणी सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊला एकदा करा, सगळे घरी येऊन व्हिडिओ बघत बसतात तेव्हा.

लघुलहरी
अगदी बरोबर मुद्दा. सिग्नलच्या आकड्याबरोबर वेगही मोजा. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड नावाचं अ‍ॅप त्यासाठीच आहे.

चिंचगूळ
कंपन्यांना आता आपापल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात, २जी, ४जी, ५जी वेगवेगळे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत ते आहे. ते नाही का उपयोगाचे?

लघुलहरी
आहेत ना. नकाशात तुमचा भाग पांढरा दिसला तर ती कंपनी यादीतून काढून टाका, एवढा उपयोग नक्की. रंगीत दिसला तर मात्र तो रस्त्यावरचा अंदाज समजा. नकाशाला तुमच्या भिंतीची जाडी माहीत नसते.

वरंधा
इतके प्रतिसाद झाले आणि वाय-फाय कॉलिंगचा उल्लेख कुणीच केला नाही याचं आश्चर्य वाटतंय. माझी आई कोथरूडला मयूर कॉलनीत, इमारत नवी, पण पार्किंगच्या मागची तळमजल्याची सदनिका. एकाही कंपनीची धड रेंज नाही. घरी फायबर ब्रॉडबँड होतंच. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं आणि प्रश्न मिटला. कॉल नेहमीच्या नंबरवरूनच होतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही, समोरच्याला काही कळतसुद्धा नाही. बँकेचे ओटीपीही येतात. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली.

आणि म्हणूनच तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: फोन आणि नेटवर्क एकत्रच ठरवावं लागतं. एकाच फोनवर एका कंपनीचं वाय-फाय कॉलिंग चालतं आणि दुसरीचं चालत नाही, असं होतं. दोन्ही बाजूंनी जुळणी असावी लागते. फोन घेण्याआधी आपल्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या मॉडेलांची यादी बघा. परदेशातून भावाने-भाच्याने आणलेल्या फोनबाबत तर हे फारच महत्त्वाचं. त्यात कधीकधी भारतातलं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा साधा कॉलसुद्धा चालत नाही. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नाही तर साधा कॉलही नाही.

गुलबक्षी_धायरी
वरंधा, पण लाइट गेली की? आमच्या धायरीत पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी फोन करायचा असतो.

वरंधा
राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, वहीएवढे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुठेही विचारा. घ्यायच्या आधी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून जा, ९ आणि १२ असे दोन प्रकार असतात. फायबरची वेगळी डबी असेल तर तिलाही वीज लागते, हे विसरू नका. आईकडे दोन-तीन तास सहज निघतात.

अबोली_ह
वरंधा, हा मुद्दा पटला. जुळणी बघूनच घ्यायला हवं. तरी माझं एक म्हणणं कायम: ज्या फोनला पुढची पाच वर्षं सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत तो म्हाताऱ्या माणसांना देऊ नये. केळफूलच्या आईंचा फोन मोडलेला नाही, आवृत्ती जुनी झाली म्हणून बँकेने दार बंद केलं. सॅमसंगने ए१६ ५जीला सहा वर्षांची अपडेट जाहीर केली आहेत, याच किमतीच्या आसपास. बाकी कंपन्यांच्या फोनबाबतही हाच प्रश्न आधी विचारा. किती मेगापिक्सेल ते राहू द्या.

तगर
माझे वडील शेतीच करतात, म्हणून अनुभवाचं सांगते. मातीत काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, फोन उघडतच नाही आणि माणूस वैतागतो. चार आकडी पिन ठेवा, मोठ्या अक्षरांची. लावणीच्या दिवसांत हात ओले असतात, तर पाण्याचा थोडाफार शिडकावा सोसणारा फोन घ्या. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसेल, बांधावरून चिखलात पडला तर ती हमी नाही. आयपी६७ किंवा ६८ असेल तर उत्तम, पण तुमच्या बजेटमध्ये शोधावं लागेल. आणि घंटी किती मोठ्याने वाजते ते दुकानात वाजवून बघा. वडिलांचा फोन खोपीत असतो आणि ते बांधावर. आमच्याकडे हीच सगळ्यात मोठी कसोटी आहे.

दोघांना एकाच कंपनीचा, शक्य तर एकाच मॉडेलचा फोन द्या. एकाला जमलं की तो दुसऱ्याला शिकवतो, आणि तुम्हालाही फोनवरून सांगताना सोपं जातं.

शेवचिवडा
एकच मॉडेल दिलं तर दोघं एकमेकांचा फोन उचलून निघून जातात. माझ्या काका-काकूंचं दर रविवारी होतं. कव्हर वेगवेगळ्या रंगांची घ्या!

ओलीसुपारी
रिचार्जवरही बोलू या. २८ दिवसांच्या प्लॅनने वर्षाला तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने करता येणारा प्लॅन ठेवायला लावलं, पण ते पुढे करून कुणी दाखवत नाही, मागावे लागतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून तर पेन्शनवर जगणाऱ्यांनी हिशेब करायलाच हवा.

केळफूल, बाबांना गावी इंटरनेट लागतं का? नसेल तर ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आलेत, लांब मुदतीचे. डेटाचे पैसे वाचतात.

केळफूल
बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर भाताचे फोटो पाठवतात सगळ्या नातेवाईकांना, तेही रोज. डेटा काढून घेतला तर घरात भांडण होईल.

रानवाट
मग काढू नका. भाताचे फोटो महत्त्वाचेच आहेत. इथेही टाका.

चिंचगूळ
बाबांसाठी दोन सिम हा सरळ उपाय नाही का? एक जुना ९८२२० पुण्यासाठी आणि बँकेसाठी, दुसरं गावात चालणारं.

लघुलहरी
मीही तेच सुचवणार होतो. फक्त दुसरं सिम पडून राहू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. बाबा दर आठवड्याला जातात म्हणजे तो धोका नाही, पण रिचार्ज संपलेलं लक्षात यायला हवं.

अजून एक, हे रानवाट यांनाही माहीत असेल. गावी स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून बघावा. तिथे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा सिग्नल असेल तर फोन त्यावरून तो कॉल करू शकतो. 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं पडद्यावर दिसतं ते त्यासाठीच. बाबांना हे समजावून ठेवा. आणि गावात आज रेंज नाही म्हणून कायमची नाही असंही समजू नका. रेंज न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, काम बीएसएनएलकडे आहे. दर सहा महिन्यांनी गावात पुन्हा विचारत जा.

केळफूल
मंडळी, आकडे आले!

भाचीने स्वयंपाकघर, माजघर आणि पुढची खोली अशा तीन ठिकाणी चारही कंपन्या मोजल्या, सकाळी आणि रात्री. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर क्रम उलटा निघाला आणि कुणी इथलं वाचून सिम घेऊ नये. आई सध्या जी वापरते तिचा आकडा ओट्यापाशी उणे ११९. दुसऱ्या एकीचा उणे १०४, आणि त्यावर आई भाजी परतत मावशीशी दहा मिनिटं बोलली. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. उरलेल्या दोन मधल्यामधे, रात्री त्यातली एक फारच संथ.

गावात बाबांनी विचारलं. दुकानदार आणि गुरुजी दोघांकडे एकाच कंपनीचं सिम, आणि ती आईला चालणारी कंपनी नाही. म्हणजे दोघांना एकच कंपनी हा माझा बेत बारगळला. बाबांना दोन सिम, आईचं पोर्ट, असं ठरतंय. घरी ब्रॉडबँड आहे, तर वाय-फाय कॉलिंग चालणारं मॉडेल बघूनच फोन घेऊ, आणि दोघांना एकच. भावाला धागा वाचायला दिला. तो म्हणतो, "अपडेटचा मुद्दा माझाच होता." खरंच त्याचाच होता.

आता पोर्टची पद्धत कुणी नीट सांगाल का? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

चिंचगूळ
आईंच्या फोनवरून 'पोर्ट', मधे एक मोकळी जागा, मग त्यांचा दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला पाठवा. शब्द इंग्रजी अक्षरांत. आठ अक्षरांचा एक कोड येईल. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आई स्वतः हव्यात, फोटो काढतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही, हा जुलै २०२४ पासूनचा नियम. प्रीपेडचे उरलेले दिवस आणि शिल्लक बुडते, म्हणून मुदत संपत आली की करा.

"पोर्ट करून देतो, आलेला कोड सांगा" असा कुणाचा फोन आला तर मात्र कोड द्यायचा नाही. नव्या कंपनीच्या दुकानातच द्यायचा.

तगर
जोडीने एक काम करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आईबाबांच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. आमच्याकडे वडिलांच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला होता, तिथूनच तक्रार करून बंद केला. नवे फोन घेतल्यावर *#०६# दाबून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर त्याच पोर्टलवरून तो बंद करता येतो. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

दिंडीदरवाजा
केळफूल, पोर्ट होताना जुनं सिम बंद पडून नवं चालू होईपर्यंत मधे काही तास दोन्ही बंद असतात. त्या दिवशी आईंची बँकेची कामं, गॅसचं बुकिंग, डॉक्टरची वेळ घेणं असं काही ठेवू नका. नवं सिम टाकल्यावर यूपीआय अ‍ॅप बहुधा पुन्हा पडताळणी मागेल, तेव्हा मेसेज पाठवण्याइतकं रिचार्ज असू द्या. आणि बाबा गावाला असतील त्या दिवसांत तर करूच नका. ते पुण्यात असताना करा, म्हणजे कुणी कुणाची काळजी करायला नको.

केळफूल
हे फारच कामाचं. बाबा सोमवारी परत येतायत. मंगळवारी १९०० ला मेसेज करते, बुधवारी आईला घेऊन दुकानात जाते. राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय, ते बघितलं. @वरंधा, फायबरची डबी वेगळी आहे, तिच्यावरही १२ च आहे. एकाच यूपीएसवर दोन्ही चालतील का?

वरंधा
दोन आउटपुट असलेला घ्या, चालतील. अ‍ॅडाप्टरवर व्होल्टच्या शेजारी अँपिअरही लिहिलेले असतात. दोन्हींची बेरीज करून यूपीएस तेवढं देतो का ते विचारा, आणि दुकानात जाताना दोन्ही अ‍ॅडाप्टर बरोबर न्या, पिनेचा आकार जुळला पाहिजे.